सभासदत्वाच्या पायऱ्या

वर्गणीदार, आजीव सभासद, आश्रयदाते, हितचिंतक, सन्माननीय सभासद. आपल्या वाङ्मयीन संस्थांच्या घटनांमध्ये ही नावे इतक्या सरावाने येतात की त्यांच्यामागे काही विचार असेल, अशी शंकाही कोणाला येत नाही. आजीव सभासदाने एकदाच रक्कम भरायची आणि अंक येत राहायचा. आश्रयदात्याचे नाव मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस छापायचे. सन्माननीय सभासदाकडून काही घ्यायचे नाही. ग्रंथालयांतही वर्गवारी होतीच. एका वर्गाला एक पुस्तक, वरच्या वर्गाला दोन पुस्तके आणि एक मासिक, त्याप्रमाणे अनामत. मात्र हा कारभार कागदावर चालत होता तोवर त्यातली विसंगती माणसे सांभाळून घेत. वर्गणी थकलेल्या विद्यार्थ्याला जुना अंक तिथेच टेबलाशी बसून चाळू देणारा ग्रंथपाल आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला आहे. संकेतस्थळाच्या दारात असा ग्रंथपाल नसतो. तिथे नियम जसा लिहिला तसाच पाळला जातो.

हे सुचण्याचे कारण प्रत्यक्ष अनुभवाचे आहे. काही वर्षांपूर्वी एका त्रैमासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर आणण्याच्या कामात मी होते. संस्था लहान, पैसा बेताचा, उत्साह दांडगा. समितीच्या तीन बैठका झाल्या आणि त्यांतला बहुतेक वेळ सभासदांच्या किती पायऱ्या असाव्यात यावर खर्च झाला. अखेर सहा ठरल्या. जुन्या अंकांचे अक्षरजुळणी करून पुन्हा मुद्रितशोधन कोण करणार, हा प्रश्न शेवटच्या बैठकीच्या शेवटच्या दहा मिनिटांत आला!

संकेतस्थळ वर्डप्रेसवर होते. या प्रणालीत पाच भूमिका तयारच मिळतात: सबस्क्रायबर, कॉन्ट्रिब्युटर, ऑथर, एडिटर आणि अॅडमिनिस्ट्रेटर. सबस्क्रायबरने वाचावे आणि स्वतःची माहिती अद्ययावत ठेवावी. कॉन्ट्रिब्युटरने लेख लिहून परीक्षणासाठी ठेवावा. तो प्रसिद्ध करण्याचा अधिकार त्याला नाही आणि प्रसिद्ध झाल्यावर त्यात दुरुस्ती करण्याचाही नाही. ऑथर स्वतःचे लेखन स्वतः प्रसिद्ध करू शकतो, एडिटर सर्वांचे. अॅडमिनिस्ट्रेटरच्या हाती सगळेच. ही रचना 2005 च्या अखेरीस आली. त्याआधी या प्रणालीत सभासदांना शून्य ते दहा असे आकडे दिले जात. आकडे जाऊन भूमिका आल्या, हा बदल मला वाङ्मयीन दृष्टीनेही महत्त्वाचा वाटतो. आकडा एवढेच सांगतो की कोण कोणाच्या वर आहे. कोणाचे काम काय, हे भूमिका सांगते.

आमच्या समितीने नकळत पुन्हा आकड्यांची भाषा स्वीकारली. सहा पायऱ्यांमध्ये पैसे देणारे, लिहिणारे आणि संपादन करणारे असे सगळे एकाच शिडीवर बसवले गेले. सभासदत्वासाठी जो जोडप्रोग्राम घेतला होता, तो भरलेल्या वर्गणीनुसार भूमिका नेमून देत होता. परिणाम असा झाला की ज्यांचे लेख मूळ अंकांत छापलेले होते आणि ज्यांना आम्ही आदराने ‘लेखक सभासद’ केले होते, त्यांना वर्गणीदारांसाठी राखलेले जुने अंक उघडेनात. एका ज्येष्ठ समीक्षकांनी अत्यंत सौम्य शब्दांत कळवले की स्वतःचाच लेख वाचण्यासाठी किती रक्कम भरावी लागेल, हे सांगितल्यास बरे होईल. पत्र वाचून आम्ही हसलो, आणि मग गप्प झालो.

चूक यंत्राची नव्हती. लिहिण्याचा अधिकार आणि वाचण्याचा अधिकार हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत आणि आम्ही ते एकच मानले होते. पहिल्या प्रश्नात पायऱ्या असाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. संपादकाच्या नजरेखालून गेल्याशिवाय लेख प्रसिद्ध होऊ नये, या व्यवस्थेची आज थोडी चेष्टाच होते. तिचे समर्थन करताना ‘सत्यकथे’चे नाव काढले की 1969 मध्ये त्या मासिकाच्या अंकाची झालेली होळी कोणीतरी आठवून देणारच. पण त्या संतापाचा रोख एकाच दारावर सगळ्या मराठी लेखनाला रांग लावावी लागण्यावर होता, असे मी समजते. लघुअनियतकालिकांनाही संपादक होतेच, आणि काही तर चांगलेच कडक होते. शिवाय छापील नियतकालिकात लेखकाला मुद्रिते पाहायला मिळत. कॉन्ट्रिब्युटरला प्रसिद्धीनंतर आपल्या लेखातला ऱ्हस्व-दीर्घही सुधारता येत नाही, म्हणून ती सोय आपण हाताने ठेवली पाहिजे. (जूमलामध्ये तर रूढ अर्थाने आणखी गंमत आहे: तिथला एडिटर इतरांचा मजकूर सुधारू शकतो, पण प्रसिद्ध करू शकत नाही, त्यासाठी पब्लिशर नावाची वेगळी पायरी. ‘संपादक’ या शब्दाचा अर्थ प्रणालीगणिक बदलतो, हे भाषेच्या विद्यार्थ्यांनी टिपून ठेवावे.)

दुसऱ्या प्रश्नात, म्हणजे वाचण्याच्या अधिकारात, शक्य तितक्या कमी पायऱ्या असाव्यात. तालुक्याच्या गावी एम.ए. करणाऱ्या विद्यार्थिनीला चाळीस वर्षांपूर्वीच्या अंकातला एक लेख हवा असतो, तोही एकदाच. तिच्यासमोर सहा प्रकारच्या सभासदत्वाचा तक्ता मांडणे म्हणजे तिला परत पाठवणे. आणि कुलुपाचा भरवसा तरी किती? आम्ही अंकांची पाने टिपून पीडीएफ चढवल्या होत्या. पान कुलूपबंद होते. परंतु चढवलेल्या फाइलीला स्वतःचा पत्ता असतो आणि वेगळी तजवीज केली नाही तर तो पत्ता ठाऊक असलेल्या कोणालाही ती उघडता येते. दाराला कुलूप आणि शेजारी भिंतच नाही, अशी ती वास्तू होती. कुलपाने अडवले ते फक्त सरळमार्गी वाचकांना.

याहून गंभीर प्रकार पुढे घडला. सभासदांची यादी ‘स्वच्छ’ करण्याचे काम कोणीतरी हाती घेतले. एखादा सभासद यादीतून काढला की वर्डप्रेस एक प्रश्न विचारते: याच्या नावावरील मजकूर पुसून टाकायचा की दुसऱ्या कोणाच्या नावे करायचा? दिवंगत झालेल्या एका लेखकाचे खाते काढताना दुसरा पर्याय निवडला गेला. त्यांचे सगळे लेख एका रात्रीत ‘अॅडमिन’ या नावावर गेले. पहिला पर्याय निवडला असता तर ते उरलेच नसते, हे खरे. पण कर्तृत्वाच्या निश्चितीसाठी आपण हस्तलिखितांच्या परंपरा पडताळतो, नाममुद्रांवर प्रबंध लिहितो, आणि इथे एका कळीने लेखक बदलतो. लेखकाचे खाते म्हणजे सभासदत्व नव्हे, ती श्रेयनोंद आहे. वर्गणी संपली तरी, माणूस गेला तरी, ती काढायची नसते. हवे तर सबस्क्रायबर करून ठेवावी. नाव लेखावर तसेच राहते.

आणि हा ‘अॅडमिन’ कोण? आमच्याकडे तो संकेतस्थळ उभारून देणारा एक होतकरू मुलगा होता. त्याला नोकरी लागली, तो परगावी गेला, आणि संपादकांपासून विश्वस्तांपर्यंत कोणाकडेही सर्वाधिकाराची परवलीची ओळ नव्हती. सहा पायऱ्यांच्या चर्चेत सर्वांत वरच्या पायरीवर कोण उभे राहणार, हे ठरवायचे राहून गेले होते. तो मुलगा भला म्हणून आठवड्यात प्रश्न मिटला. आता सर्वाधिकार दोन विश्वस्तांकडे आहेत आणि रोजचे काम संपादक एडिटर म्हणूनच करतात.

पायऱ्याही कमी झाल्या. दहा वर्षांहून जुने अंक सर्वांना खुले, अलीकडचे वर्गणीदारांना आणि ज्यांनी त्यांत लिहिले त्यांना. या निर्णयाच्या बैठकीत एका सदस्यांनी विचारले, मग आजीव सभासदाला वेगळे काय मिळणार? छापील अंक टपालाने, आजवर मिळत आला तसा, असे उत्तर दिले गेले. ते त्यांना फारसे पटलेले दिसले नाही.