जाम बोल्टची मजुरी

गॅरेजच्या बिलात दोन रकाने असतात, पार्टची किंमत आणि मजुरी. जाम बसलेला बोल्ट सोडवण्यात गेलेला वेळ या दोन्हींत कुठेच दिसत नाही. माझं मत असं की तो दिसायला हवा, आणि त्याचे पैसे आपण कुरकुर न करता द्यायला हवेत. 'हा कोण मोठा मेकॅनिकांचा कैवारी!' असं कुणी म्हणण्याआधीच सांगून टाकतो, यात आपला स्वार्थच आहे.

मार्चमध्ये माझ्या गाडीचा फ्युएल पंप गेला. गाडी चौदा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक. त्यातली पहिली नऊ वर्षं ती रत्नागिरीला मामांच्या अंगणात, म्हणजे खारा वारा आणि धो धो पाऊस. हल्लीच्या पेट्रोल गाड्यांत हा पंप टाकीच्या आतच बसवलेला असतो. बऱ्याच गाड्यांत मागची सीट उचलली की खाली त्याचं झाकण मिळतं. माझ्या गाडीत अख्खी टाकी खाली उतरवावी लागते. टाकी ज्या पट्ट्यांवर लटकते त्यांचे बोल्ट गाडीच्या पोटाशी, चौदा पावसाळे खाऊन बसलेले. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरने टॉर्च मारून बघितलं आणि निकाल दिला, "सर, बोल्ट तुटणार. टाकी, पट्ट्या, सगळं नवीनच घ्या." आकडा ऐकला आणि गाडी टो करून सोसायटीजवळच्या छोट्या गॅरेजमध्ये आणली.

आता थोडं विज्ञान, कंटाळू नका. बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो आणि ताणलेल्या स्प्रिंगसारखा दोन भाग धरून ठेवतो. पान्यावर आपण जो जोर लावतो त्यातला ढोबळमानाने ९० टक्के घर्षणातच खर्च होतो. निम्मा बोल्टच्या डोक्याखाली, ४० टक्के आट्यांत. बोल्ट ताणायला उरतात जेमतेम १० टक्के. हे झालं नव्या, स्वच्छ बोल्टचं गणित. आट्यांत गंज शिरला की सगळंच बदलतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. ती जागा तिथे नसते, म्हणून तो पाचरीसारखा ठासून बसतो. बोल्ट फिरवायला लागणारा जोर दांड्याच्या ताकदीपेक्षा जास्त झाला, की बोल्ट फिरत नाही, तुटतो. १० नंबरचा पाना बसतो तो सहा मिलिमीटरचा बोल्ट आवळायला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात. फूटभर लांब पान्याच्या टोकावर १० किलोचा जोर दिला की तेच ३० होतात. पान्याला पाइप लावून 'अरे लाव ना जोर' म्हणणारे वीर बहुतेक वेळा काय करत असतात, हे यावरून कळेल.

मग गरम करा, कापा! सायलेन्सरच्या बोल्टला हे चालतं, मेकॅनिक ते रोज करतात. पण इथे शेजारी पेट्रोलची टाकी आहे. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, आणि ती हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत, खड्ड्यात साचून राहते. तिथे गॅसची ज्योत किंवा ग्राइंडरच्या ठिणग्या म्हणजे पंपाचा नाही, माणसाच्या जिवाचा प्रश्न. म्हणजे जोर नाही, ज्योत नाही. उरतो फक्त वेळ.

आमच्या गॅरेजवाल्या काकांनी नेमका तोच वापरला. "साहेब, आज काही खोलत नाही. आज नुसतं तेल सोडतो." आधी बॅटरीची वायर काढली. टाकीतलं पेट्रोल उपसून बंद डब्यात, लांब नेऊन ठेवलं. (३० लिटर पेट्रोल म्हणजे २२ किलोच्या वर वजन, तेही हिंदकळणारं.) तारेच्या ब्रशने आटे घासले, गंज सोडवणारं तेल मारलं, आणि दुसऱ्या गाडीकडे वळले. संध्याकाळी परत तेल. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा कोनांची गोटी लावली, कारण बारा कोनांची गोटी गंजक्या डोक्याचे कोपरे खाते. आणि गंमत म्हणजे बोल्ट आधी किंचित आवळला! मग पाव आटा सोडला, परत थोडा आवळला, परत तेल. चारही बोल्ट सलामत निघाले. नळ्यांच्या क्लिपांना फुलीच्या खाचेचे स्क्रू होते. त्यासाठी त्यांनी वेगळा स्क्रू ड्रायव्हर काढला. जपानी घराण्यातल्या गाड्यांचे असे स्क्रू बरेचदा जपानी मापाचे असतात. दिसायला फिलिप्ससारखेच, पण फिलिप्सचा ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही, वर चढतो आणि खाच खाऊन टाकतो.

(जाता जाता: सगळ्यांचा लाडका डब्ल्यूडी-४० हा १९५३ सालचा, मुळात पाणी हटवण्यासाठी केलेला. नावाचा अर्थच 'पाणी हटवणे, चाळिसावा प्रयत्न'. खास गंज सोडवणारी तेलं वेगळी मिळतात.)

दीड दिवसात प्रत्यक्ष हात लावलेला वेळ असेल तीन-साडेतीन तास. काका बिलात लावत होते नेहमीचा 'पंप बदलणे' एवढाच दर. माझा मुद्दा इथे आहे. मजुरी कामाच्या नावावर ठरते, पण बोल्ट नवा असो की चौदा पावसाळ्यांचा, कामाचं नाव तेच राहतं. त्यात आपण "काका, तासाभरात होईल ना? पाचशे कमी करा" म्हणतो. मग मेकॅनिकने थांबायचं कशाच्या जोरावर? तो हातोडी उचलतो, बोल्ट तुटतो. या बोल्टचा नट बॉडीलाच वेल्ड केलेला असतो, त्यामुळे तुकडा आत अडकतो. मग ड्रिल करा, नवे आटे पाडा, तेही टाकीशेजारी. 'वीस रुपयांचा तर बोल्ट' म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करून बघावा.

आणि हे आपण सॉफ्टवेअरवाल्यांनी तरी समजून घ्यायला हवं! 'एका ओळीचा बदल आहे, दुपारपर्यंत दे' असं मॅनेजर म्हणाला की आपल्याला केवढा राग येतो. ती ओळ दहा वर्षं जुन्या कोडमध्ये रुतलेली आहे हे आपल्यालाच माहीत असतं. शनिवारी गॅरेजमध्ये गेल्यावर मात्र आपणच तो मॅनेजर होतो :)

तेव्हा मंडळी, जुन्या गाडीचं असं काम निघालं तर गाडी एक दिवस आधी नेऊन द्या आणि बोल्टना आदल्या रात्री तेल सोडायला सांगा. बोल्ट जाम निघाला तर जादा तासांचे काय घेणार, हे आधीच विचारून ठेवा. पंपाची रबर रिंग मात्र नवीनच घाला, जुनी फुगते आणि परत नीट बसत नाही. आणि बिल आल्यावर त्या जादा तासांवर घासाघीस करू नका. मी काकांना हजार रुपये वर दिले. सर्व्हिस सेंटरच्या आकड्यापुढे तो चिल्लर होता, आणि गेल्या आठवड्यात त्याच टाकीनिशी आम्ही रत्नागिरीला जाऊन आलो.

बघा, पटतंय का.