कौशल्याचा पण

लक्ष्मीबाई नगर हे नाव ऐकताच मराठी मनाला झाशीची राणी आठवते आणि पाठोपाठ तिचा घोडाही. दिल्लीतील या सरकारी वसाहतीत राहणाऱ्या रेसच्या शौकिनाला मात्र घोडा दिसतो तो शर्यतीच्या पुस्तकातला : वंशावळ, वजन, जॉकी आणि मागील धावांचे निकाल यांच्या आकड्यांतून उलगडणारा. 2016 साली रेसकोर्स रोडचे नामांतर लोककल्याण मार्ग असे झाले. त्याची वाट त्याने बदलली नाही.

हा माणूस स्वतःला व्यसनी म्हणवून घेत नाही; तो अभ्यासक असतो. घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, जुगार नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली मद्रासच्या शर्यतींसंबंधीच्या खटल्यात दिला आणि त्याच्या अभ्यासाला कायद्याची प्रतिष्ठा लाभली. कौशल्य आहे, हे कोण नाकारील? ते घोडा घडविणाऱ्या प्रशिक्षकाचे आहे, अखेरच्या फर्लांगात लगाम सांभाळणाऱ्या जॉकीचे आहे, पहाटे खरारा करणाऱ्या मोतद्दाराचेही आहे. प्रश्न आहे तो खिडकीत नोट सरकविणाऱ्याचा.

टोटचा हिशेब सरळ आहे. सर्वांचे पैसे एका राशीत जमतात; क्लबचा आणि सरकारचा वाटा आधी निघतो; उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जाते. म्हणजे सारे शौकीन विद्वान झाले, तरी सारे मिळून हरणारच. एकाच्या विद्येला फळ यायचे तर इतरांचे अज्ञान अटळ, आणि तेही ही वजावट भरून काढण्याइतके मोठे. सरकारला हे पुरते ठाऊक आहे. वस्तू व सेवा कराच्या यादीत हाच खेळ कॅसिनो आणि लॉटरीच्या पंगतीला बसतो. 28 टक्क्यांचा दर 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के झाला. न्यायासनापुढे कौशल्य, खजिन्यापुढे जुगार!

महाभारतातील नलोपाख्यान अधिक प्रामाणिक आहे. नळ अश्वविद्येत अद्वितीय होता, तरी द्यूतात राज्य गमावून बसला. अक्षविद्या त्याला ऋतुपर्णाकडून वेगळी शिकावी लागली. घोडा जाणणे निराळे, पण जाणणे निराळे. हा भेद पुसून टाकणारा शब्द म्हणजे ‘कौशल्य’. त्या शब्दाच्या आधाराने शौकीन आपली हार अभ्यासातील उणीव समजतो आणि पुढच्या शनिवारी, भविष्य निर्वाह निधीतून उचललेल्या पैशांनी, ती उणीव भरून काढायला निघतो. दमयंतीने काय गमावले, याची नोंद मात्र शर्यतीच्या कोणत्याच पुस्तकात नसते.