पुस्तकांच्या दुकानासमोरचा पंतप्रधान

माद्रिद शहराच्या मध्यभागी पुएर्ता देल सोल नावाचा एक गजबजलेला चौक आहे. १२ नोव्हेंबर १९१२ च्या सकाळी, साडेअकराच्या सुमारास, अठ्ठावन्न वर्षांचे एक गृहस्थ पायी चालत तिथे आले. गृहमंत्रालयात मंत्रिमंडळाची बैठक होती. मंत्रालय त्याच चौकात, समोरच. वाटेत सान मार्तिन यांचे पुस्तकांचे दुकान लागले आणि गृहस्थ काचेमागची नवी पुस्तके पाहत क्षणभर थांबले. तेवढ्यात मान्वेल पार्दिन्यास नावाच्या अराजकवादी तरुणाने मागून येऊन जवळून गोळ्या झाडल्या. गृहस्थ कोसळले. मारेकऱ्याने मग पिस्तूल स्वतःवरच चालवले.

पुस्तके पाहता पाहता गेलेल्या त्या गृहस्थांचे नाव खोसे कानालेखास. ते स्पेनचे पंतप्रधान होते.

स्पेनच्या इतिहासात पाच पंतप्रधानांचे खून झाले. १८७० मध्ये जनरल प्रिम, १८९७ मध्ये कानोव्हास, १९१२ मध्ये कानालेखास, १९२१ मध्ये एदुआर्दो दातो आणि १९७३ मध्ये फ्रँकोच्या राजवटीतले कारेरो ब्लांको. ही यादी वाचताना मन साहजिकच गोळी कोणी झाडली, बाँब कुठे ठेवला, याकडे धावते. मी कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे हे आकर्षण मला चांगले कळते. लेखकाला मारेकरी हवाच असतो. पण आयुष्याची ऐन वर्षे मी बँकेत अधिकारी म्हणून काढली, आणि त्या माणसाला दुसराच प्रश्न पडतो. गोळी लागली तेव्हा या गृहस्थांच्या टेबलावर कोणत्या फायली होत्या?

कानालेखास यांचा जन्म १८५४ चा, फेर्रोल या बंदराच्या गावचा. ओढा साहित्याकडे. तरुणपणी माद्रिदच्या विद्यापीठात साहित्याच्या प्राध्यापकपदासाठी ते स्पर्धेत उतरले, पण ती जागा पुढे थोर विद्वान म्हणून गाजलेल्या मेनेंदेस पेलायो यांना मिळाली. मग वकिली, वृत्तपत्र, संसद, मंत्रिपदे असा प्रवास होत फेब्रुवारी १९१० मध्ये ते उदारमतवादी पक्षाचे पंतप्रधान झाले. आदल्याच वर्षी, जुलै १९०९ मध्ये, बार्सिलोना पेटले होते. मोरोक्कोच्या युद्धासाठी राखीव सैनिकांना बोलावणे धाडले गेले. ज्याच्याकडे रक्कम भरायला पैसे होते तो घरी राहिला आणि गरिबाचा कर्ता मुलगा जहाजात चढला. लोक रस्त्यावर उतरले, चर्च आणि मठ जळले, सरकारने बंदुका चालवल्या. कानालेखास यांच्या हाती आलेला देश हा असा होता.

त्यांनी काय केले? १९११ मध्ये 'कोन्सुमोस' नावाचा कर रद्द करण्याचा कायदा आणला. आपल्या वाचकांना हा कर समजावून सांगायला नको, तो म्हणजे जकात. गावच्या वेशीवर तेल, मांस, दारू अडवायची, मोजायची आणि पैसे घ्यायचे. तेलाच्या बाटलीवर श्रीमंताने जेवढे द्यायचे, तेवढेच मजुरानेही. आपल्या मुंबईतली जकात वस्तू व सेवा कर आला तेव्हा, १ जुलै २०१७ ला गेली. एक रुळलेला कर काढून त्याजागी दुसरा बसवणे किती जिकिरीचे असते, हे आपण नुकतेच पाहिले आहे. कानालेखास यांनी भरपाईसाठी चांगल्या घरांच्या भाड्यावर कर बसवण्याची सोय केली, तेव्हा सुस्थितीतले लोक संतापले. त्यांच्याच पक्षातली काही मंडळी उलटली.

१९१२ मध्ये लष्करी सेवेचा कायदा आला. पैसे भरून सैन्यातून पूर्ण सुटका करून घेण्याची वाट बंद झाली. पण रक्कम भरणाऱ्याला कमी महिने सेवा करण्याची सवलत राहिली. अर्धाच न्याय, म्हणाल तर म्हणा. कारखान्यांतून स्त्रियांना रात्रपाळीला लावण्यावर बंदी घालणारा कायदाही त्याच वर्षीचा.

चर्चच्या बाबतीतही तेच. कानालेखास स्वतः श्रद्धाळू कॅथलिक होते. तरीही डिसेंबर १९१० मध्ये त्यांनी असा कायदा केला की, दोन वर्षे सरकारी परवानगीशिवाय नवे धार्मिक संघ देशात स्थापन करता येणार नाहीत. लोकांनी त्याला 'कुलूप कायदा' असे नाव दिले. धार्मिक मंडळींनी त्यांना धर्मद्रोही ठरवले. चर्चच्या विरोधकांनी हिणवले की, हे कुलूप नावापुरतेच. कारण त्या दोन वर्षांत संघांविषयीचा नवा कायदा झाला नाही तर कुलूप आपोआप गळून पडणार होते. पुढे झालेही तसेच.

त्यांना देव्हाऱ्यात बसवण्याचा माझा हेतू नाही. १९१२ च्या शरद ऋतूत रेल्वे कामगारांनी संप केला, तेव्हा त्यांनी संपकऱ्यांना राखीव सैनिक म्हणून लष्करी हुकमाखाली आणले आणि संप मोडला. कामगारांच्या मनातली कटुता अकारण नव्हती. पण त्या कटुतेवरचा उपाय पिस्तूल होता काय? पिस्तुलाने रेल्वे कामगाराच्या पगारात एक पेसेटाही वाढला नाही.

बँकेत मी एक गोष्ट पुन्हापुन्हा पाहिली. जुनी पद्धत आहे तशी चालू ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला कोणी शिव्या देत नाही. सगळेच मोडून टाकू म्हणणाऱ्याला निदान टाळ्या मिळतात. जो तिसरा माणूस एकेक नियम हातात घेऊन बदलतो, त्याच्यावर दोन्हीकडचे रुसतात. एक म्हणतो फार केले, दुसरा म्हणतो काहीच केले नाही. राजकारणात याच माणसाच्या जिवाला धोका असतो, आणि त्याच्या मागे रडायला कोणताच पक्ष मनापासून उभा राहत नाही.

कानालेखास गेल्यावर त्यांच्या पक्षात वारसाहक्काची भांडणे लागली. प्रांतांना एकत्र येऊन आपला कारभार पाहू देणारे त्यांचे विधेयक संसदेच्या एका सभागृहात संमत होऊन अडकले होते. कातालोनियाची जुनी मागणी त्यात होती. ती गोष्ट डिसेंबर १९१३ मध्ये प्रतिपक्षाच्या दातो यांनी वटहुकमाने मार्गी लावली. पुढे त्याच दातोंना १९२१ मध्ये माद्रिदच्या रस्त्यात गोळ्या घातल्या गेल्या. १९२३ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, १९३६ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले. कानालेखास जगते तर हे टळले असते, असे मी म्हणणार नाही. इतिहास असा एका माणसावर टांगलेला नसतो. पण बोलून, मोजून, तडजोडीने बदल करता येतो ही सवय देशाला लावणारी माणसे एकामागून एक कमी होत गेली, तर शेवटी बंदूकवालेच उरतात, एवढे मात्र खरे.

या खुनावर त्याच वर्षी एक छोटा चित्रपट निघाला. अंत्ययात्रेची खरी दृश्ये आणि खुनाचा अभिनय, असा तो होता. मारेकऱ्याची भूमिका करणारा तरुण नट पेपे इस्बेर्त पुढे स्पेनचा लाडका विनोदी कलावंत झाला. खून पडद्यावर दाखवता येतो. गावच्या वेशीवर तेलाची बाटली आता कोणी अडवत नाही, हे कसे दाखवणार? त्या दृश्यात काही घडतच नाही. बाई बाटली घेऊन सरळ घरी जाते.

घरात मुले इतिहासाचे पुस्तक उघडून बसली आणि एखाद्या नेत्याच्या खुनाचे पान आले की, ती मारेकऱ्याविषयी विचारतात. विचारू द्यावे, कुतूहल आहे ते. पण सांगून झाल्यावर त्यांनाच उलट विचारावे की, तो नेता त्या दिवशी कोणत्या कामाला निघाला होता, आणि ते काम पुढे कोणी केले? उत्तर शोधायला वेळ लागेल. रविवारची दुपार त्यासाठी पुरेशी मोठी असते.