वास आल्यावर काय कराल?

3 सप्टेंबर 2019 च्या सकाळी उरणच्या ओएनजीसी वायू प्रकल्पात आग लागली. चौघे मरण पावले. त्यांतले तिघे सीआयएसएफच्या अग्निशमन पथकाचे जवान होते. ते शिकलेले होते, साधनं जवळ होती, तरी जीव गेला.

मग आपल्या यवतमाळच्या स्वयंपाकघरांचं काय? वर्गात विचारलं, “1906 हा नंबर कशाचा?” एकही हात वर झाला नाही. तो गॅसगळतीच्या तक्रारीचा नंबर आहे.

गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळतात. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. शहरांत नळाने येणारा नैसर्गिक वायू हलका, तो वर चढतो. दोन्ही वेळी रेग्युलेटर किंवा कॉक बंद करा, दारं-खिडक्या उघडा. विजेचं बटण दाबू नका, चालू करायला नाही आणि बंद करायलाही नाही. बाहेर पडून मग फोन करा.

नळीची मुदत नळीवरच छापलेली असते. आपण ती वाचत नाही, ‘अल्लाह मालिक’ म्हणून चहा ठेवतो. हा भरवसा नव्हे, हा आळस आहे.

कंपन्यांना जाब विचारायलाच हवा. पण हा धडा शाळेतही हवा. मुलं शिकली, तर घरी अम्मीला तीच सांगतील.