राज्य बदलले, विमा सोबत आला. पत्ता मात्र मागेच राहिला

नवी दिल्ली : बदली किंवा नव्या नोकरीमुळे महाराष्ट्रातून राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात येणारी कुटुंबे घर, शाळा आणि गॅसजोडणीची तजवीज आधी करतात, विम्याची आठवण बहुधा दाव्याच्या वेळीच होते. वाहन आणि आरोग्य हे दोन्ही विमे सर्वसाधारणपणे देशभर वैध असल्याने राज्य बदलले म्हणून नवी पॉलिसी घ्यावी लागत नाही. मात्र पॉलिसीतील नोंदी आणि प्रत्यक्ष परिस्थिती यांत अंतर पडले, की अडचणी सुरू होतात.

वाहनाचा विमा देशभर चालत असला, तरी नोंदणी राज्यनिहाय असते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या वाहनासाठी तेथील नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक असते. दिल्ली, गुरुग्राम आणि नोएडा ही शहरे एकमेकांना लागून असली, तरी ती अनुक्रमे दिल्ली, हरियाणा आणि उत्तर प्रदेशच्या नोंदणी व्यवस्थेत येतात. त्यामुळे दिल्लीतून नोएडात घर हलवणे हेही कायद्याच्या दृष्टीने राज्यांतरच ठरते.

नवा क्रमांक मिळताच पॉलिसीत त्याची नोंद करून घेणे तितकेच महत्त्वाचे आहे. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेल्या वाहनाच्या चोरीचा दावा नाकारण्याचा विमा कंपनीचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये योग्य ठरवला होता. वैध नोंदणी नसेल, तर हप्ता भरूनही भरपाई हुकू शकते, हा त्या निकालाचा बोध आहे. वारंवार बदली होणाऱ्या पात्र कर्मचाऱ्यांसाठी २०२१ मध्येच सुरू झालेली ‘बीएच’ मालिका पुनर्नोंदणीचा हा व्याप टाळते.

वाहन दिल्लीत नेण्यापूर्वी त्याचे वयही तपासायला हवे. राजधानी क्षेत्रात १० वर्षांहून जुनी डिझेल आणि १५ वर्षांहून जुनी पेट्रोल वाहने चालवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मनाई केली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये कारवाईपासून अंतरिम संरक्षण मिळाले. डिसेंबरमध्ये ते बीएस-४ आणि त्यापुढील मानकांच्या वाहनांपुरते मर्यादित करण्यात आले.

आरोग्य विम्यात शहराला अधिक महत्त्व आहे. अनेक कंपन्या शहरांच्या विभागांनुसार हप्ता ठरवतात आणि दिल्ली बहुधा सर्वांत महाग विभागात असते. कमी दराच्या विभागाचा हप्ता भरून तेथे उपचार घेतल्यास काही पॉलिसींमध्ये बिलाचा ठरावीक हिस्सा विमाधारकालाच सोसावा लागतो. सातारा किंवा नांदेडहून येणाऱ्यांनी ही अट आधीच वाचावी.

नोकरी सोडताना कंपनीचे सामूहिक संरक्षण संपते. त्यामुळे ते संपण्यापूर्वीच वैयक्तिक पॉलिसीची व्यवस्था करणे हिताचे ठरते. कंपनी बदलायची असल्यास जुनी पॉलिसी बंद पडू न देता ‘पोर्टेबिलिटी’चा मार्ग घ्यावा. त्यामुळे आधीच्या आजारांसाठीच्या प्रतीक्षा काळातील पूर्ण झालेली वर्षे वाया जात नाहीत. एप्रिल २०२४ पासून हा काळ कमाल ३६ महिने आहे. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी लागत नाही.

स्थलांतराच्या धावपळीत पत्ता कळवण्याचे काम किरकोळ वाटते. मात्र अपघात किंवा आजारपणात कुटुंबाची बचत सुरक्षित राहील की नाही, हे अनेकदा त्याच नोंदीवर ठरते.