अशक्तपणाची तपासणी

"डॉक्टर, अंगात त्राणच राहिलं नाही, एक बाटली लावा." सत्तरी ओलांडलेल्या रुग्णाचे हे मागणे आपल्यापैकी कुणालाच नवे नाही. आपण रक्तदाब पाहतो, हिमोग्लोबिन पाहतो, बी-१२चे इंजेक्शन देतो आणि केसपेपरवर 'वयोमानानुसार अशक्तपणा' लिहून मोकळे होतो. मांडीला हात लावून तिथले स्नायू किती झिजलेत, हे कुणी पाहत नाही.

स्नायूंच्या या झिजेला 'सार्कोपेनिया' हे नाव मिळाले त्याला तीन दशके उलटली. निदानाच्या पहिल्या पायरीला डेक्सा स्कॅनही लागत नाही. आशियाई तज्ज्ञगटाचे २०१९चे निकष सरळ आहेत: हाताची पकड पुरुषांत २८ किलोंपेक्षा, स्त्रियांत १८ किलोंपेक्षा कमी भरली किंवा हात छातीशी बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठायला १२ सेकंद वा अधिक लागले, तर संशय घ्यावा. पकड मोजायचे यंत्र दवाखान्यात नसेल. खुर्ची तर असतेच.

वजनकाट्यावर मात्र विसंबू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे छायाचित्र 'लॅन्सेट'मध्ये २००४ साली छापून आले. दोघांचा बीएमआय २२.३, चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपल्याकडे मुळातच स्नायूंची शिल्लक बेताची. म्हातारपणी तीही जाते, तिची जागा चरबी घेते आणि काटा तिथल्या तिथे राहतो. जेवणानंतरची साखर ओढून घेणारा मोठा अवयवच आटल्याने मधुमेह आवरत नाही. तोल गेला तर सावरायला पायात ताकद नसते, मग खुब्याचे हाड मोडते. क्रिएटिनिनही फसवते: स्नायूच कमी, म्हणून ते कमी तयार होते. ०.९चा रिपोर्ट पाहून मूत्रपिंड ठणठणीत समजायचे आणि औषधांचे पूर्ण डोस लिहायचे, हा प्रकार सर्रास चालतो.

काही झीज आपणच घडवतो. तापाच्या रुग्णाला सवयीने "आठ दिवस पडून राहा" सांगतो. पथ्याच्या नावाखाली भाताबरोबर डाळ, दूध, शेंगदाणेही ताटातून जातात. त्यात कवळी नीट बसत नसेल, तर रात्रीचे जेवण म्हणजे चहात बुडवलेली पोळी. मूत्रपिंडाचा मोठा आजार नसेल तर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत.

सार्कोपेनियावर मान्यताप्राप्त गोळी नाही. व्यायाम आहे, आणि त्याला वयाची अट नाही: १९९० साली बॉस्टनमध्ये नव्वदीच्या घरातल्या वृद्धांनी आठ आठवडे वजने उचलली आणि त्यांच्या मांड्यांची ताकद दुपटीहून अधिक वाढली. "रोज फिरायला जा" एवढ्याने हे साधत नाही; स्नायूला भार लागतो. तो गोळीसारखा चिठ्ठीवर लिहून द्यावा: खुर्चीवरून दहा उठबशा, सकाळ-संध्याकाळ. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर जाड उशी ठेवून सुरुवात करावी, जमू लागले की उशी काढायला सांगावी.