दोनशे चौदा कोटींचा आकडा

२१४७४८३६४७. दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. आपल्या लाइनीतल्या माणसाला हा आकडा स्वतःच्या मोबाइल नंबरइतका ओळखीचा. ३२ बिटांच्या साध्या इंटिजरमध्ये मावणारी सगळ्यात मोठी संख्या. व्हायवाला विचारतात, आपण 'दोनचा एकतिसावा घात वजा एक' असं घोकलेलं सांगतो, विषय संपला.

पण मंडळी, ही मूळ संख्या आहे! आणि हे सिद्ध केलं ऑयलरनं, १७७२ साली, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना. भागूनच बघायचं तर वर्गमूळापर्यंत, म्हणजे ४६,३४० पर्यंत जायला हवं. पण हिला भाजक असलाच, तर त्याला २४८ नं भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरणार, हे आधीच सिद्ध करता येतं. राहिले जेमतेम पावणेचारशे उमेदवार. त्यातले मूळ नसलेले गाळले की आणखी कमी. ऑप्टिमायझेशन म्हणतात ते हे, राव!

पुढे कितीतरी वर्षं हीच माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या होती. पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञानं तर १८११ मध्ये लिहून ठेवलं, की हिच्यापासून बनणाऱ्या परिपूर्ण संख्येहून मोठी परिपूर्ण संख्या शोधायला बहुधा कोणी जाणारच नाही, कारण असल्या संख्या नुसत्या गमतीच्या, उपयोग काही नाही. घ्या! १६८०७ नं गुणायचं, या संख्येनं भागून बाकी घ्यायची, पुन्हा गुणायचं... रँडम आकडे काढायची ही प्रसिद्ध जुनी रीत तिच्या मूळ असण्यावरच उभी आहे.

असो. माझं भांडण संख्येशी नाही, 'एवढ्यात काय भरतंय' या समजुतीशी आहे. डिसेंबर २०१४ मध्ये 'गंगनम स्टाइल'चे व्ह्यूज या आकड्यापलीकडे गेले आणि यूट्यूबचा काउंटर ६४ बिटांचा झाला. ती गंमत होती. पण १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणारं घड्याळ १९ जानेवारी २०३८ ला, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरतं. पुढच्या सेकंदाला थेट डिसेंबर १९०१!

डिझाइन रिव्ह्यूत हा विषय काढला की ठरलेलं उत्तर मिळतं, "तोपर्यंत आपण थोडेच इथे असणार?" नसू. पण आपलं होम लोन असेल ना! आज वीस वर्षांचं कर्ज घेतलं तर शेवटचा हप्ता २०३८ च्या पलीकडेच पडतो. ती तारीख ३२ बिटांत ठेवणारा प्रोग्रॅम २०३८ ची वाट बघत बसत नाही, आजच चुकतो. नवी मशीन्स ६४ बिटांची आहेत, मान्य. पण मायएसक्यूएलचा 'टाइमस्टॅम्प' कॉलम अजून तिथंच अडतो, आणि मुदतीच्या तारखा त्यात सर्रास टाकल्या जातात. सोमवारी ऑफिसात गेलात की आपल्या टेबलांमध्ये डोकवा. असा कॉलम सापडला तर 'डेटटाइम' करून टाका. एका ओळीचं काम आहे, टेबलात कोट्यवधी रो साठायच्या आत केलं तर.